इन्काराला कारण हवे

पुण्याहून परतताना खंबाटकी घाटाच्या चढावर माझ्या डिझेल मोटारीचा जोर अकस्मात गेला. एरवी तिसऱ्या गिअरमध्ये विनासायास चढणारी गाडी दुसऱ्यातही रखडू लागली, बॉनेटखालून बारीक, चिरका आवाज येऊ लागला आणि मागील नळीतून निळसर धूर निघाला. गाडी ओढून अधिकृत सेवाकेंद्रात नेली, तेव्हा टर्बोचार्जर निकामी झाल्याचे निदान झाले. हमीपत्राची मुदत तीन वर्षे अथवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर, अशी होती. गाडीला दोन वर्षे नुकतीच उलटली होती आणि तिची धाव त्या मर्यादेच्या निम्म्यावरही गेली नव्हती. त्यामुळे हा भाग विनामूल्य बदलून मिळेल, याविषयी माझ्या मनात किंचितही शंका नव्हती.

काही दिवसांनी सेवाकेंद्रातील तरुण सल्लागाराने मला बोलावून घेतले. "काका, कंपनीनं वॉरंटी क्लेम रिजेक्ट केलाय," तो म्हणाला. "ऑइल खराब होतं म्हणून टर्बो गेला, असं म्हणणं आहे. सत्तर हजारांच्या आसपास खर्च येईल." गाडी घेतल्यापासून प्रत्येक वेळचे ऑइल याच केंद्रात, यांच्याच माणसांनी, यांच्याच पिंपातून भरले होते आणि त्याच्या सर्व पावत्या व जॉब कार्डे माझ्यापाशी होती. मी ती त्याच्यापुढे ठेवली आणि कंपनीचा हा निर्णय मला लेखी द्यावा, अशी विनंती केली. "तसं लेखी देण्याची पद्धत नाही," एवढेच उत्तर मिळाले.

या उत्तराने मी जितका अस्वस्थ झालो, तितका पैशांच्या आकड्यानेही झालो नव्हतो. माझी सारी नोकरी तहसील कचेरीत गेली आणि निवृत्त झालो तो अव्वल कारकुनाच्या मेजावरून. त्या मेजावर जे अनेक शिरस्ते अंगवळणी पडले, त्यांतील पहिला असा की, रयतेचा अर्ज फेटाळावयाचा असेल तर तो कोणत्या कारणास्तव फेटाळला, हे त्याच कागदावर नमूद करावयाचे. कारण ज्या इन्काराला कारण नाही त्याच्याविरुद्ध अपील कशाच्या आधारे करावे, हे त्या गरीब माणसाला कळावयाचे कसे? सरकारी दौलतीचा कारभार ज्या नियमाने चालतो, तो नियम लाखो रुपयांची मोटार विकणाऱ्यांना लागू नसावा, हे माझ्या बुद्धीला पटेना. मी तेथेच बसून अर्ज लिहिला; त्यात दोषाचे स्वरूप, हमीपत्राची मुदत, सेवेच्या नोंदी आणि तोंडी मिळालेला इन्कार असे मुद्दे क्रमवार मांडले, लेखी कारणांची मागणी केली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. तीच प्रत निर्मात्या कंपनीच्या ग्राहक विभागाकडे नोंदणीकृत टपालाने रवाना केली. पुढे जो लेखी जबाब आला तो दोन ओळींचा होता: बिघाड दूषित ऑइलमुळे झाला असून तो हमीच्या कक्षेत येत नाही. परंतु त्या दोन ओळींनी माझे काम झाले. तोवर जे केवळ कुणाचे तरी म्हणणे होते, ते आता सिद्ध अथवा असिद्ध करता येण्याजोगे विधान झाले होते.

ते विधान कसे तपासावयाचे, हे मला आमच्या गावातील एका वृद्ध मिस्त्रींनी समजावून दिले. टर्बोचार्जर हे ओंजळीत मावेल एवढे यंत्र. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोतावर त्याचे एक पातेचक्र फिरते आणि त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि एवढ्या वेगात त्याला सांभाळून धरणारी वस्तू म्हणजे बेअरिंगमध्ये खेळणारा इंजिन ऑइलचा एक पातळसा थर. ऑइलमध्ये गाळ अथवा कचरा असेल तर बेअरिंगवर आणि दांड्यावर चरे उमटतात. ऑइल पुरेसे पोचत नसेल तर दांडा तापून निळाकाळा पडतो. आणि बाहेरून एखादा कठीण पदार्थ आत शिरला असेल तर पात्यांच्या कडा तुटतात. "भाऊसाहेब," मिस्त्री म्हणाले, "टर्बो कशानं मेला, ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. फक्त तो हातचा जाऊ देऊ नका."

हातचा जाऊ न देणे, हेच सर्वांत कठीण होते. काढलेला जुना भाग कंपनीकडे परत पाठवावा लागतो, असे सेवाकेंद्राचे म्हणणे. मी शांतपणे उत्तर दिले की, हमी मान्य करून नवा भाग फुकट दिला असता तर जुना भाग अवश्य कंपनीचा झाला असता. परंतु हमी नाकारून त्याची पूर्ण किंमत माझ्याकडून वसूल केली जात आहे, तेव्हा माझ्या पैशाने विकत घेतलेली मोडकी वस्तू माझीच आहे. या युक्तिवादाला उत्तर नव्हते. "हक्क राखून रक्कम भरत आहे" असा शेरा बिलावर लिहून मी पैसे भरले, जुन्या टर्बोवरील अनुक्रमांक जॉब कार्डावर नोंदवून घेतला, त्याची छायाचित्रे काढली आणि सल्लागाराच्या सहीनिशी तो खोक्यात बंद करून घरी आणला.

त्यानंतर मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे गेलो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापूर्वी अशा प्रसंगी १९३० च्या माल विक्री कायद्याचा आधार घेऊन दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि तो खर्च व ती दगदग पाहून बहुतेक जण घरीच बसत. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली ती याच काळात. आज ग्राहक ज्या हक्कांची भाषा सहज बोलतो, ती बोलावयास महाराष्ट्राला प्रथम ज्यांनी शिकवले त्यांत या चळवळीचा वाटा मोठा आहे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने आणखी एक मोठी सोय केली: तक्रारदार जेथे राहतो अथवा नोकरीधंदा करतो, तेथील आयोगाकडे त्याला दाद मागता येते. कंपनीची नोंदणीकृत कचेरी परराज्यात असली, तरी आता कंपनीनेच माझ्या जिल्ह्यात हजर राहावयाचे. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तक्रारीस शुल्क नाही. माझ्या गाडीची किंमत पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असल्याने मला २०० रुपये भरावे लागले. वकील देण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र ती दाखल झाली पाहिजे.

विक्रेता आणि निर्माता या दोघांनाही मी जाबदार केले, आणि हे करणे किती आवश्यक होते ते त्यांच्या लेखी कैफियती वाचताना ध्यानात आले. विक्रेत्याचे म्हणणे, हमी निर्मात्याची आहे, आपण केवळ सेवा देतो. निर्मात्याचे म्हणणे, विक्रेता हा स्वतंत्र व्यापारी असून त्याच्या कामाला आपण बांधील नाही. दोघांपैकी एकालाच उभे केले असते, तर त्याने अनुपस्थिताकडे बोट दाखवून सुटका करून घेतली असती. मागणीही मी मर्यादित ठेवली. एखाद्या भागात दोष निघाला एवढ्यावरून संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही, हमीची जबाबदारी तो भाग दुरुस्त करून वा बदलून देण्यापुरती असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निवाड्यात स्पष्ट केले आहे. यास्तव मी भागाची किंमत, मजुरी, तक्रारीचा खर्च आणि झालेल्या त्रासाबद्दल माफक भरपाई, एवढेच मागितले.

मालातील दोष तपासणीवाचून ठरवता येत नसेल, तर ती वस्तू सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. मी तसा अर्ज दिला, तपासणीचे शुल्क जमा केले आणि घरी जपलेले ते खोके आयोगापुढे हजर केले. अहवाल आला, त्यात बेअरिंगवर गाळाने पडणारे चरे नव्हते. दांडा मात्र तापून निळाकाळा झालेला होता, आणि टर्बोच्या आतील ऑइलच्या छिद्राच्या कडेला घडणीच्या वेळी राहून गेलेला धातूचा कंगोरा त्याची वाट अरुंद करीत होता. कंपनीच्या दोन ओळींतील विधान त्या अहवालापुढे टिकले नाही. आयोगाने दोन्ही जाबदारांना संयुक्तपणे जबाबदार धरून भागाची किंमत व मजुरी व्याजासह परत करण्याचा आणि खर्च देण्याचा हुकूम केला. त्यावर अपील झाले नाही आणि रक्कम माझ्या खात्यात जमा झाली.

समाधान झाले, हे खरे. परंतु त्याच सेवाकेंद्रात भेटलेल्या एका तरुणाची आठवण मला स्वस्थ बसू देत नाही. तो आपल्या छोट्या टेम्पोतून भाजीपाला बाजारात नेत असे. त्याचाही हमीचा दावा असाच तोंडी नाकारला गेला होता आणि त्याने निमूटपणे पैसे भरले होते, कारण टेम्पो उभा राहिलेल्या प्रत्येक दिवशी त्याची मिळकत बुडत होती. स्वतःच्या उपजीविकेसाठी वाहन चालवणाऱ्यालाही कायदा ग्राहक मानतो, हे मी त्याला सांगितले. पण त्याचा जुना भाग केव्हाच परत गेला होता आणि हाती एकही कागद नव्हता. मला निवृत्तीवेतन होते, सवड होती, कागदाची सवय होती. ज्याच्यापाशी यांतील काहीच नाही, त्याचा हक्क माझ्या हक्काहून कणभरही उणा नाही.

म्हणून माझी मागणी अशी की, हमी नाकारणाऱ्या प्रत्येकाने ग्राहकाच्या हाती तीन गोष्टी न मागता द्याव्यात: इन्काराची सकारण लेखी नोंद, ज्या तपासणीवर तो इन्कार आधारला आहे तिची नक्कल, आणि काढलेला भाग. यात कंपनीचे नुकसान काडीचेही नाही, कारण तिचे म्हणणे खरे असेल तर ते या तिन्हींनी पक्केच होईल. ग्राहकाला मात्र लढावे की सोडून द्यावे, हे डोळसपणे ठरवता येईल. आणि सहीनिशी लिहून देण्याची वेळ आली म्हणजे, आज जे पुष्कळ इन्कार तोंडाने सहज उच्चारले जातात, ते करण्यापूर्वी संबंधितांना तो बिघडलेला भाग निदान एकदा नीट पाहावा तरी लागेल.