रात्री सव्वादोनला आलेलं उत्तर

रात्री सव्वादोनला मी लिहिलं, ‘कुणी आहे का?’ आणि नाशिकहून ताईचं उत्तर आलं, ‘अगं, दिसलं की! अजून जागीच?’

माझे हात अक्षरशः थरथरत होते. ते तीन शब्द निघाले होते १ जीबी मेमरीच्या भाड्याच्या सर्व्हरवरून, माझ्या स्वतःच्या डोमेनवरून, मी स्वतः बसवलेल्या सॉफ्टवेअरमधून! ताईचं खातं दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर, मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या. तरी पोचलं, ईमेल पोचतं तसं. ही किमया ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलची. २०१८च्या जानेवारीत वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं त्याला प्रमाण म्हणून मान्यता दिली. म्हणजे इतकी वर्षं हे सगळं होतं आणि मला पत्ताच नव्हता!

गेले दहा दिवस दुसरं काही सुचत नाहीये. सुरुवात अर्थात मॅस्टोडॉननं केली, नाव तेवढंच ठाऊक होतं. दिसायला सुरेख, सोयी भरपूर. पण एकट्या माणसासाठी ते म्हणजे दोघांच्या आमटीला लग्नाचं पातेलं. डेटाबेसला पोस्टग्रेस हवं, जोडीला रेडिस हवं, साइडकिकच्या कामांच्या रांगा सतत चालू. माझा सर्व्हर धापा टाकायला लागला. शिवाय बाहेरून आलेले फोटो ते स्वतःकडे साठवतं, अधूनमधून झाडलोट केली नाही तर डिस्क भरते. शेकडो सभासदांची संस्था असेल तर मी हेच सुचवेन.

आणि मग गोटूसोशल सापडलं. काय सांगू! प्रोग्राम म्हणजे एकच फाइल. डेटाबेससाठी एसक्यूलाइट, तीही एक फाइल. मेमरी लागते अडीचशे-साडेतीनशे एमबी. सुरक्षित जोडणीसाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्रसुद्धा ते आपलं आपण मागवतं. लॉगिन केलं तर लिहायला जागाच नाही, नुसती सेटिंग्ज! वाटलं, काहीतरी बिघडलंय. मग कळलं, मॅस्टोडॉनची ॲप्स यालाही चालतात. फोनवर टस्की उघडलं, माझ्या सर्व्हरचा पत्ता टाकला आणि आत! मॅस्टोडॉनची मूळ मर्यादा ५०० अक्षरांची, इथे ५,०००. आपल्या पोस्टला कुणी उत्तर द्यावं हेही ठरवता येतं, आणि मला वाटतं, एवढ्यासाठीच गोटूसोशल घ्यावं. एकच गोष्ट आधी नीट ठरवा: डोमेन. एकदा बाकीच्या सर्व्हरांशी बोलणं सुरू झालं की ते बदलता येत नाही.

पहिला दिवस मात्र अगदी सुना गेला. नव्या सर्व्हरला कुणीच ओळखीचं नसतं. ज्यांना फॉलो कराल त्यांचं लेखन यायला लागतं, तेही तिथून पुढचं. मी ताईला फॉलो केलं, तिच्याकडून आणखी चौघं सापडले, आणि आठवड्यात टाइमलाइन वाहायला लागली. ज्या क्रमानं लिहिलं त्या क्रमानं, मधे एकही जाहिरात नाही!

फ्रेंडिकाही बसवून पाहिलं. २०१०पासूनचं, पीएचपी-मायएसक्यूएलवर चालणारं. त्यात आरएसएस फीड वाचता येतात, डायस्पोरा या दुसऱ्या नेटवर्कवरची माणसं जोडता येतात, कार्यक्रमांचं कॅलेंडर आहे, फोटोंचे अल्बम आहेत. चुलत-मावस भावंडांचा गोतावळा एकत्र आणायचा असेल तर यासारखं दुसरं नाही.

काल ताई म्हणाली, “माझंही खातं तुझ्याकडेच हलव ना.”

“हलवते की! तुझे फॉलोअर आपोआप येतील.”

“आणि माझ्या पोस्ट? गोदाघाटाचे फोटो?”

“त्या जुन्या सर्व्हरवरच राहतात गं.”

ती गप्प झाली. मलाही चैन पडेना. शोधत बसले तेव्हा हबझिला सापडलं. तिथे एकाच ओळखीची प्रत दुसऱ्या हबझिला सर्व्हरवर ठेवता येते, संपर्क आणि लेखनासकट, आणि दोन्ही प्रती एकमेकींशी जुळत राहतात. एक सर्व्हर बंद पडला तरी माणूस दुसरीकडे हजर! ताईचे जुने फोटो त्यानं येणार नाहीत, पण इथून पुढचे तरी अडकणार नाहीत.

डाउनलोड चालू आहे. ताईला सांगितलंय, आज झोपू नकोस.