पीएलमध्ये पु. ल.

पीएल म्हणजे प्रिपरेशन लीव्ह. इंजिनिअरिंगच्या पोराला आयुष्यात जे काही शहाणपण येतं ते याच पंधरा दिवसांत येतं, फक्त ते सिलॅबसमधलं नसतं. कुणी गिटार शिकतो, कुणी प्रेमात पडतो (बहुधा एकतर्फी), आमचा एक मित्र गेल्या पीएलमध्ये रुबिक क्यूब सोडवायला शिकला आणि एम-थ्रीमध्ये उडाला. मी जेवणावरचे लेख वाचायला लागलो.

हसू नका. झालं असं, की लालबागच्या आमच्या खोलीत (दहा बाय बारा, वर माळा) अभ्यासाला शांतता मिळत नाही, म्हणून मी दादरला एका वाचनालयात जाऊन बसायचो. थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक उघडायचं, एन्ट्रॉपीची व्याख्या तीनदा वाचायची आणि समोरच्या कपाटाकडे बघत बसायचं. त्या कपाटात पु. लं.चं 'हसवणूक' होतं. त्यातला 'माझे खाद्यजीवन' हा लेख मी उभ्या-उभ्या वाचला. दुपारचे साडेबारा वाजलेले, पोटात सकाळचा चहा आणि एक बटर. लेख संपला तेव्हा निदान माझी एन्ट्रॉपी तरी नक्की वाढली होती. तसाच उठून छबिलदासच्या गल्लीपर्यंत चालत गेलो, दोन वडापाव हाणले, पण समाधान होईना. ती भूक वडापावची नव्हतीच. घरच्या आमटीची होती.

मग नाद लागला. दुर्गा भागवत म्हणजे 'ऋतुचक्र', लोकसाहित्य, १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा, आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या करारी बाई, एवढंच शाळेमुळे माहीत होतं. त्यांनी 'खमंग' नावाचं खाण्यावरचं पुस्तक लिहिलंय हे कुणी सांगितलं नव्हतं. एशियाटिकच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं बसून अभ्यास करणारी बाई स्वयंपाकघराबद्दल तितक्याच गंभीरपणे लिहिते, म्हटल्यावर मला वाचनालयात ते पुस्तक उघडं धरून बसायची लाज वाटेनाशी झाली. तोपर्यंत मी ते थर्मोच्या पुस्तकात घालून वाचत होतो, खोटं कशाला सांगू!

घरी आईच्या फडताळात कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' होतीच. १९७० साली आलेलं पुस्तक. त्यातलं वाटी-चमच्याचं माप घेऊन किती मुली सासरी गेल्या असतील! पण 'रुचिरा' वाचून मला भूक लागत नाही. तो आमचा डेटाबुक आहे. अमुक वाटी डाळ, तमुक चमचे तिखट, करा आणि मोकळे व्हा. लेखात तसं नसतं. लेखात डाळ शिजत असते आणि कुणीतरी दारात वाट बघत असतं. मापाच्या जागी माणूस असतो.

आता मुद्द्याचं. मला सगळ्यात जास्त मजा साध्या जेवणाबद्दल वाचताना का येते, यावर मी बराच विचार केलाय (इतका थर्मोवर केला असता तर...). पंगतीचं, बासुंदीचं, लग्नातल्या जिलब्यांचं वर्णन वाचलं की आपण लेखकावर विश्वास ठेवून मोकळे होतो. तो म्हणतो छान होतं, म्हणजे असेल छान. पण कुणी वरण-भाताबद्दल लिहिलं की आपण लगेच सावरून बसतो. कारण वरण-भात आपल्यालाही ठाऊक आहे! 'वरणात गूळ? छे! आमच्याकडे नाही घालत.' 'हिंग इतका उशिरा?' असं मनातल्या मनात भांडत भांडत वाचायचं आणि भांडता भांडता आपल्याच घरातल्या पातेल्यात डोकावून यायचं. मऊ भात, मेतकूट आणि तूप एवढ्या तीन शब्दांवर मला आठवीतला ताप आठवला, डोक्यावरची ओली पट्टी आठवली, आणि ताप उतरल्यावर पहिला घास घेताना बाहेर गणपतीचे ढोल वाजत होते तेही आठवलं. लेखकाने यातलं काही लिहिलेलं नव्हतं.

आमच्या घरातलं पातेलं मात्र मी वर्षभर झाकून ठेवलं होतं. तेच सांगायचंय.

माझी आजी खाणावळ चालवायची. याच खोलीत. ती मूळची संगमेश्वरकडची, लग्न होऊन लालबागला आली. आजोबा गिरणीत साचेखात्यात. त्या काळी गिरणगावात एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गावाकडचे गडी असायचे. बायका-मुलं गावी, जेवणार कुठे? म्हणून घरोघरच्या बायका त्यांना जेवू घालायच्या. महिन्याचे पैसे पगार झाला की मिळायचे, तोवर वाण्याकडे उधारी आणि सावकाराचं व्याज. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी याच खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकेत जाऊन अंगठा दिला तेव्हा साहेबाने खुर्ची दिली, हे आजी आजही सांगते. कर्ज किती होतं ते सांगत नाही, खुर्चीचं सांगते.

फर्स्ट इयरला एक मित्र सबमिशनसाठी घरी आला होता. आजीने कुळथाची पिठी आणि भात वाढला. तो बिचारा तीनदा भात घेऊन म्हणाला, "आजी, तुम्ही हॉटेल काढायला हवं होतं!" आजी काहीतरी बोलणार, एवढ्यात मी घाईघाईने म्हणालो, "छे रे, ती घरच्यापुरतंच करते." का म्हणालो? त्याचे बाबा डॉक्टर, आई प्रोफेसर. माझी आजी पैसे घेऊन लोकांना जेवायला वाढायची, हे त्या क्षणी जिभेवर येईना. आजीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पिठीचं पातेलं उचलून मोरीत नेलं. त्यानंतर त्यावर ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर पीएलमध्ये एका रात्री मी 'खमंग' घरी आणून वाचत होतो. आजीला झोप नव्हती. म्हणाली, "मोठ्यानं वाच, परीक्षेचं मलापन कळूदे." मी म्हटलं, परीक्षेचं नाही, जेवणाचं आहे. तिला आधी पटेचना. जेवणाचं पुस्तक, आणि ते कॉलेजातला मुलगा वाचतोय! मग रोज रात्री अर्धा तास वाचन सुरू झालं. आजी ऐकताना गप्प बसत नाही. 'असं नाय करीत', 'बरोबर हाय', 'ही बाई सुगरण हाय हो' अशी तिची मार्किंग स्कीम चालू असते. पु. लं.ना तिने फर्स्ट क्लास दिला, डिस्टिंक्शन नाही. विचारलं, का? तर म्हणाली, "खाणारा चांगला हाय. करणारीचं कायच नाय त्यात."

दुसऱ्या एका रात्री तिने विचारलं, "बाबू, आमच्यासारख्यांचं जेवान कुणी लिवलंय का रे?" मी शोधलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मिळालं, २०१५ सालचं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्याबद्दलचं. तो मुलूख आजीचा नाही आणि ते जेवणही तिचं नाही, पण ऐकताना ती पहिल्यांदाच मध्ये बोलली नाही. 'साधं घरगुती जेवण' म्हणताना आपण कुणाच्या घरचं धरतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला. माझ्या लाडक्या लेखांमध्ये साजूक तूप फारच सहज येतं.

आणि मग आजीने माळ्यावरची वही काढायला सांगितली.

दोनशे पानी, पुठ्ठा गेलेला. खाणावळीच्या हिशेबाची. आजीला लिहिता येत नाही, म्हणून ती सांगायची आणि बाबा लिहायचे. बाबा तेव्हा तिसरी-चौथीत, जोडाक्षरांशी त्यांचं वैर. लोकांची नावं धड लिहिता येईनात, म्हणून मायलेकांनी खुणेची नावं ठरवली होती. 'माळकरी' (याला मासळी नको). 'दोन भाकरी'. 'भात नको' (हा घाटावरचा). 'रातपाळी'. 'कमी तिखट'. असे बावीस जण! महिन्याला एक पान, नावापुढे रेघा, शेवटी बाकी.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. आजोबाही त्यातच. संप आज मिटेल, उद्या मिटेल म्हणून आजीने दोन महिने सगळ्यांना उधारीवर जेवू घातलं. मार्चच्या पानावर रेघा विरळ झाल्यात, एकेक जण एसटी धरून गावी गेला. वाण्याने उधारी बंद केली. एप्रिलच्या पानावर तीनच नावं आहेत आणि मे महिन्याचं पान नाही. संप अधिकृतपणे मागे कधी घेतलाच नाही, तशीच ही वहीही कुणी बंद केली नाही. बाकीच्या रकमा अजून तिथेच आहेत. 'कमी तिखट – ६२ रुपये.'

"कुणी दिले का गं नंतर?"

"एक आला होता. माळकरी. चार वर्षांनी. गावठी तांदूळ घेऊन आला." मग थोड्या वेळाने, "देतील कुठून? त्यांचंपन गेलंच की सगळं."

मी इतके लेख वाचले, पण माणसांची अशी यादी कुठे वाचली नव्हती. नाव नाही, गाव नाही, फक्त कोण कसं जेवायचं तेवढं. आणि वाचताना प्रत्येक जण मांडी घालून समोर बसलेला दिसतो.

परवा तोच मित्र पुन्हा आला, या वेळी मशीन ड्रॉइंगच्या शीट्ससाठी. आजी भात चढवत होती. मी माळ्यावरून वही काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, ही आजीच्या खाणावळीची. मागच्या वेळी मी खोटं बोललो होतो. त्याने पानं उलटली, चष्मा वर केला आणि शेवटी अस्सल इंजिनिअरिंगचा प्रश्न विचारला, "आजी, बावीस जणांच्या पिठीला मीठ किती घालायचात?"

आजी वळली. माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"एक मूठ, आन वर चिमूट," ती म्हणाली. "पन मिरची घालायच्या आधी कमी तिखटवाल्याचं बाजूला काढायचं हां. तो बोलायचा नाय, नुसता पानी पीत बसायचा."