न दुखणारा अंधार

डोळा दुखू लागला की माणूस डॉक्टरांकडे धावतो. न दुखता दिसेनासे झाले, तर मात्र उद्याची वाट पाहतो. चंदीगडला आमच्या शेजारच्या काकांना रक्तदाबाचा जुना विकार होता. एके सकाळी वर्तमानपत्र वाचताना त्यांचा उजवा डोळा अचानक अंधारला. काकूंनी गुलाबपाण्याची बाटली आणली. दृष्टिपटलाची रक्तवाहिनी तुंबली, तर काही तासांतच दृष्टी कायमची जाऊ शकते. तो डोळ्याचा पक्षाघातच. तेथे गुलाबपाणी काय करणार! दृष्टिपटल सुटले, तर विजा चमकल्यासारखे दिसते, कडेने पडदा सरकतो. तेही दुखत नाही.

आम्ही तत्काळ सेक्टर १२ मधील पीजीआय गाठले. डॉक्टरांनी प्रथम विचारले, "नेमके किती वाजता?" काकांना वेळ पक्की आठवत होती. पुढील उपचार त्या उत्तरावरूनच ठरले.