आधीच ठरलेल्या रेषा

घरात नवी सून आली की पहिल्या आठ दिवसांत एक वाक्य तिच्या कानावर हमखास पडते, "आमच्याकडे असंच करतात." आमटीत गूळ किती घालायचा, दुधाचे पातेले कोणत्या फळीवर ठेवायचे, दिवाणखान्यातला पंखा कितीवर लावायचा, सगळे ठरलेले. कोणी ठरवले म्हणून विचारावे तर सासूबाईंनाही सांगता येत नाही. त्यांनाही ते त्यांच्या सासूबाईंकडून आलेले असते.

संगणकातही अशी एक अदृश्य सासूबाई बसलेली असते. इंजिनियर मंडळी तिला 'डिफॉल्ट' म्हणतात. तुम्ही स्वतः काही सांगितले नाही, तर ती आपल्या पद्धतीने करून टाकते. पत्रातल्या अक्षराच्या आकारापुरते हे असेल तर बिघडत काहीच नाही. पण इमारतीसाठी जमिनीचा नकाशा काढताना हीच सासूबाई ठरवते, की जमिनीचा कोणता चढउतार दाखवायचा आणि कोणता झाकून ठेवायचा.

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी समोच्च रेषा गिरवल्या आहेत. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेले बिंदू जोडले की ती रेषा तयार होते. रेषा दाटीवाटीने आल्या तर चढ उभा आणि लांब लांब गेल्या तर जमीन पसरट, एवढे पेपरात लिहिले की गुण मिळायचे. पण ही युक्ती जमिनीवर कशी आली, त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १७७४ साली नेव्हिल मॅस्केलिन या खगोलशास्त्रज्ञाने स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन नावाच्या डोंगराजवळ ओळंबा धरून पाहिले, की डोंगर त्याला आपल्याकडे किती ओढतो. त्यावरून पृथ्वीचे वजन काढायचे होते! पण त्यासाठी आधी डोंगराचे आकारमान हवे. ते काम चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे आले. समोर नुसते उंचीच्या आकड्यांचे जंजाळ. सारखे आकडे एका फिकट रेषेने जोडावेत असे त्याला सुचले, आणि कागदावर डोंगर उभा राहिला. १७७८ मध्ये त्याने उत्तर मांडले, पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेचार पट. आज ती सुमारे साडेपाच पट धरतात. हिशेब थोडा चुकला, पण रेषा टिकली. पाण्याची खोली दाखवायला युरोपात अशा रेषा त्याआधीही काढत असत. हटनने त्या डोंगरावर चढवल्या.

आपल्याकडे १७६७ साली स्थापन झालेल्या सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर याच रेषा तपकिरी रंगात दिसतात. ५० हजारास एक या प्रमाणाच्या नकाशात दोन रेषांमध्ये बहुतेक ठिकाणी २० मीटर उंचीचे अंतर असते. सह्याद्रीचा एखादा गड शोधायला तेवढे पुरते. सोसायटी बांधायला मात्र नाही.

आता संगणकाकडे येऊ. जागेवर टोटल स्टेशन लावून लेव्हल घेतल्या की त्या सिव्हिल थ्रीडीसारख्या प्रणालीत भरतात. प्रणाली तीन तीन बिंदू जोडून त्रिकोणांचे जाळे विणते आणि त्यावरून समोच्च रेषा, म्हणजे त्यांच्या भाषेत कंटूर, काढते. रेषा किती मीटरवर यायच्या, जाड रेषा कितव्या उंचीवर, रंग कोणता, हे सगळे एका 'स्टाइल'मध्ये लिहिलेले असते. तयार साच्यात १ आणि ५, किंवा २ आणि १० मीटर अशा जोड्या येतात. घाईत असलेला माणूस मिळेल ती जोडी घेऊन पुढे जातो, आणि घाईत कोण नसते?

पुण्याच्या एका कार्यालयात नव्याने लागलेल्या मुलीपुढे असाच एक नकाशा आला. शहराबाहेरचा दीडेक एकराचा तुकडा. पडद्यावर नुसती हद्द, आत एकही रेषा नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, प्लॉट सपाट आहे. पुढचं काम घ्या."

"सर, एकदा टप्पा बदलून बघते," ती म्हणाली.

तिने लेव्हलचे आकडे वाचले होते. सर्वांत उंच बिंदू ५६१.९ मीटर, सर्वांत खोल ५६०.३. दोन मीटरच्या टप्प्याने रेषा येणार ५६० वर आणि त्यानंतर थेट ५६२ वर. जमीन सगळी त्या दोन रेषांच्या मधे! सपाट नव्हे, फटीत सापडलेली. तिने टप्पा २० सेंटिमीटर केला, जाड रेषा दर मीटरला. एकदम आठ उंचींच्या रेषा उमटल्या आणि रस्त्याकडच्या कोपऱ्यात दोन रेषा एकीत एक वर्तुळासारख्या मिटलेल्या दिसल्या. वाटीसारखा खळगा. पाणी नेहमी समोच्च रेषेला काटकोनात उतरते. इथे ते चारी बाजूंनी आत येणार आणि बाहेर जायला वाट नाही. आराखड्यात नेमके त्याच कोपऱ्यात तळमजल्यावरचे दोन फ्लॅट आणि विजेच्या मीटरची खोली होती.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग मीटरची खोली वरच्या अंगाला गेली, जोत्याची उंची वाढली आणि पावसाळी गटाराचा उतार नव्याने काढला गेला. खळगा जेमतेम गुडघ्याच्या आतबाहेर होता. एवढ्याशासाठी इतका खटाटोप? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कोणाचे कपाट वाचले आणि कोणाची गादी, धान्य, मुलांची प्रमाणपत्रे गेली, हे कित्येक घरांत तेवढ्याच उंचीने ठरवले. तळमजल्याचा फ्लॅट घेणारा बहुधा निवृत्तीचा पैसा घालतो, कारण गुडघ्यांना जिना झेपत नाही. त्याला नकाशातला टप्पा कोण सांगणार?

त्या मुलीने मग सेटिंग्जमध्ये जाऊन सरफेसची डिफॉल्ट स्टाइलच बदलली आणि कार्यालयाच्या मूळ साच्यात तीच साठवली. म्हणजे पुढच्या प्रत्येक नव्या नकाशाला आपोआप बारीक रेषा. (आधी काढून ठेवलेल्या नकाशांना हे लागू होत नाही, ते एकेक करून बदलावे लागतात.) आणि महिन्याभरात दुसऱ्या एका मुलाकडे डोंगरउतारावरची जागा आली! २० सेंटिमीटरच्या रेषा इतक्या दाटल्या की पडद्यावर नुसता काळा डाग. आता मूग गिळून बसण्यापेक्षा तिने दोन स्टाइल केल्या आणि त्यांना साधी नावे दिली, 'सपाट जागा' आणि 'डोंगरउतार'. नाव वाचताच काम करणाऱ्याला क्षणभर थांबून जागेचा विचार करावा लागतो. हे तिला सर्वांत जास्त आवडले, आणि ते योग्यच आहे.

बारीक रेषांचाही मोह वाईट असतो. लेव्हल दहा दहा पावलांवर घेतलेल्या असतील, तर पाच सेंटिमीटरच्या रेषा म्हणजे मधल्या जमिनीबद्दल संगणकाने मारलेल्या थापा. रेषा गुळगुळीत करण्याचीही सोय असते. नकाशा देखणा दिसतो, ग्राहक खूश होतो, पण रेषा मोजलेल्या बिंदूंपासून सरकते. जमीन मात्र होती तशीच राहते. स्टाइल बदलल्याने एक ढेकूळही हलत नाही.

गंमत म्हणजे याच रेषा महाराष्ट्रातल्या कित्येक खेड्यांत संगणकाशिवाय काढल्या जातात. माळरानावर सलग समतल चर खणायचे असले की बायका हायड्रोमार्कर घेऊन निघतात. दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी पाण्याची पारदर्शक नळी. एक जण काठी रोवून उभी, दुसरी पुढे सरकत "खाली घे, अजून थोडं खाली" ऐकत पाऊल टाकते. दोन्हीकडचे पाणी सारख्या खुणेवर आले की तिथे फक्की टाकायची आणि पुढे जायचे. दुपारपर्यंत टेकडीच्या अंगावर पांढरी रेषा वळणे घेत जाते, आणि तिच्यावर कुदळी पडू लागतात.