बिनकामाची मुंबई

आमच्या कळवणच्या माणसाला मुंबई लागते ती कामापुरती. दवाखाना, कोर्ट, लग्नाचा बस्ता, नाहीतर हजला निघालेल्यांना निरोप. काम उरकलं की परतीची गाडी. मीसुद्धा बी.एड. झाल्यावर एका मुलाखतीसाठी गेले होते. स्टेशनाबाहेर वडापाव खाल्ला आणि मागे फिरले. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी जाहीर केलं, यंदा बिनकामाचं जायचं.

मुलांची यादी तयारच होती : पेंग्विन, दुमजली बस, समुद्र. माझी यादी अर्थातच मास्तरणीची. अम्मीला विचारलं, तुला काय बघायचंय?

"मेरेकू क्या देखना? तुम घूमो, मैं थैली संभालूंगी."

अम्मी मुंबईला एकदाच गेली होती, २०१४ साली. अब्बांना तिथल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. बावीस दिवस ती त्यांच्या खाटेशेजारी चटई टाकून झोपली. थोरला तेव्हा माझ्या पोटात होता, त्यामुळे मी कळवणलाच. अब्बा परत आले ते अ‍ॅम्ब्युलन्समधून, पांढऱ्या चादरीत. त्या बावीस दिवसांबद्दल अम्मी कधी बोलली नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही.

वणीमार्गे लालपरीने नाशिक, रात्री चुलतबहिणीकडे मुक्काम आणि सकाळी नाशिकरोडहून पंचवटी. कसाऱ्याच्या घाटात धाकट्याने बोगदे मोजले, दोनदा चुकला.

शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर बहुतेक लोक टॅक्सीकडे धावतात. तसं करू नका. रस्ता ओलांडून मागे वळून ती इमारत बघा. १८८७ साली तिला व्हिक्टोरियाचं नाव दिलं गेलं, २००४ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. समोरच अंजुमन-ए-इस्लामची शाळा आहे. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी ही संस्था काढली. हेच तय्यबजी १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मी फाटकाबाहेर उभी राहून मुलांना हे सांगत होते. आमच्या शाळेत पावसाळ्यात एका वर्गात दोन इयत्ता बसवाव्या लागतात, तो हिशेबही मनात चालू होता. थोरला म्हणाला, "अम्मी, सुट्टी आहे ना?" गप्प बसले.

जुन्या डिझेलच्या दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. आता विजेवरच्या, गारेगार आहेत. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली आणि धाकट्याने स्वतःला ड्रायव्हर नेमून टाकलं. गेटवे बघितला, फोटो झाले, त्याचं काय सांगायचं. रात्री मिनारा मशिदीजवळ मातीच्या वाटीतली फिरनी. मुक्काम मुंब्र्याला, नातेवाइकांकडे; आपल्या माणसाला मुंबईत हॉटेल परवडत नाही.

दुसऱ्या दिवशी राणीची बाग. बुधवारी बंद असते, हे लक्षात ठेवा. पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले. काचेमागे मुलं इतकी की पेंग्विनच आपल्याला बघायला आल्यासारखे वाटतात. मला आवडलं ते शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ चं. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. अम्मी त्याच्यासमोर बराच वेळ थांबली. मग हळूच म्हणाली, "वो दवाखाना इधरीच कहीं है ना?"

आमच्या यादीत हे नव्हतं. यांनी काही न विचारता टॅक्सी थांबवली.

आम्ही आत गेलो नाही. अम्मीने समोरच्या फुटपाथवरून खिडक्या मोजल्या. तिसरा मजला, डावीकडून पाचवी. "उस नल पे कपडे धोती थी." नळ तिथेच होता, गळत होता. एक बाई दूधपिशवी धुऊन घेत होती. अम्मीने तिला विचारलं, कोण आहे आत? बाई म्हणाली, सासरे. अम्मीने थैलीतला डबा काढून तिच्या हातात दिला. आमचं दुपारचं जेवण होतं ते. धाकट्याने विचारलं, "इथे तिकीट नाही लागत?"

तिथून हाजीअली. भरतीला दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते, म्हणून वेळ आधी विचारून घ्यावी. २०१६ च्या उच्च न्यायालयाच्या निकालापासून बायकांनाही पुन्हा मजारीच्या दालनात जाता येतं. आमचे हे दर्ग्याला जाणाऱ्यांतले नाहीत, ते मुलांना घेऊन खडकांकडे थांबले. आम्ही दोघी आत जाऊन फातेहा पढून आलो.

परतताना अम्मी वाटेच्या कडेला बसली. तिने आजवर पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे आमच्या गिरणेवरचं चणकापूरचं धरण. खूप वेळाने तिने विचारलं, "दवाखाने से ये कित्ता दूर है?"

"टॅक्सीने वीस मिनिटं."

"बस?" ती म्हणाली. मग बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागली. "तेरे अब्बा रोज पूछते थे, समंदर देखी क्या. मैं बोलती थी, हां, देखी."

पाणी चढायला लागलं होतं. लोक भराभर रस्त्याकडे निघाले. मी तिच्या चपला हातात घेतल्या. ती उठायला तयार नव्हती.