तिसरा चान्स

"काय गं, तू ड्रॉपर का?" हॉस्टेलवरच्या पहिल्याच रात्री मेसच्या लाइनीत एका सीनियरने विचारलं. ड्रॉपर म्हटलं की मला केमिस्ट्री लॅबमधली काचेची नळी आठवते, पण उत्तर "हो" असंच होतं. बारावी २०२३ ला झाली, मग वर्षभर घरी बसून पुन्हा जेईई. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे सेल्फ-स्टडी. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं!)

मेन सलग तीन वर्षं देता येते, अ‍ॅडव्हान्स्डला मात्र दोनच संधी, त्याही लागोपाठच्या दोन वर्षांत. पहिल्या वेळी माझा कटऑफच हुकला. दुसऱ्या वेळी, २०२४ मध्ये, सुमारे १ लाख ८० हजार मुलं बसली, ४८,२४८ पात्र ठरली. त्यात मी होते. पण सगळ्या आयआयटी मिळून जागा १७,७४० आणि माझी रँक तीस हजारांच्या पुढे. म्हणजे लग्नाचं आमंत्रण आलं, पण पंगतीत पान नाही!

मग हे कॉलेज. दिवाळीचा फराळ घेऊन हॉस्टेलवर परतले आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला बातमी आली. अ‍ॅडव्हान्स्डला आता तीन संधी, २०२३ ला बारावी झालेल्यांनासुद्धा! रूममेटने चकलीचा डबा बाजूला ठेवून मोबाइल माझ्यासमोर धरला.

घरी फोन केला. पप्पा म्हणाले, "तू ठरव बेटा, पैशाचं मी बघतो." पप्पा "मी बघतो" म्हणतात तेव्हा काय बघतात ते मला माहीत आहे. पहिल्या ड्रॉपला क्लासची फी भरायला त्यांनी पीएफमधून पैसे काढले होते. इथली फी परत मिळण्याची मुदत तर केव्हाच उलटली होती. आई एवढंच म्हणाली, "पुन्हा त्या खोलीत बसशील का गं?"

ती खोली म्हणजे वर्षभर बंद असलेला पडदा आणि दाराबाहेर गार झालेलं ताट. त्या वर्षी मी मावसबहिणीच्या लग्नालाही गेले नव्हते.

रात्री वहीत दोन रकाने पाडले. "परीक्षा का द्यायची?" या रकान्यात भराभर लिहिलं. काका काय म्हणतील, शाळेतल्या मैत्रिणी कुठे पोचल्या, शेजारी काय विचारतात... सगळी दुसऱ्यांचीच कारणं. "या वेळी वेगळं काय करीन?" हा रकाना कोराच राहिला. तरी कॉलेज सोडण्याचा अर्ज लिहिला, ड्रॉइंग शीटच्या नळकांड्यात ठेवला आणि रोज स्वतःला सांगत राहिले, "उद्या देईन."

१५ नोव्हेंबरला तो निर्णय मागे घेतला गेला. आम्हाला ते १८ ला कळलं. पुन्हा दोनच संधी. त्या रात्री मी मेसमध्ये दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सुटले! आणि मग लाज वाटली. दहा-बारा दिवस मला जे जमलं नाही, ते दुसऱ्यांनीच ठरवून टाकलं होतं.

आमच्या कॉरिडॉरच्या टोकाला राहणारी एक मुलगी मात्र त्याच दिवसांत कॉलेज सोडून गेली होती. जाताना तिची बादली मला देऊन गेली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ ते १८ नोव्हेंबरच्या दरम्यान कॉलेज सोडलेल्यांना परीक्षेला बसू दिलं. ती बसली. आयआयटी मिळाली नाही. आज दुसऱ्या कॉलेजात आहे, माझ्या एक वर्ष मागे.

मागे तिला फोनवर भीतभीत विचारलं, "पश्चात्ताप होतो का गं?"

"वाईट वाटतं कधी कधी. पण माझं मी ठरवलं होतं."

यावर मला काही बोलताच आलं नाही.

फर्स्ट इयरच्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी काहींची एक संधी अजून शिल्लक असेल. परीक्षा द्या किंवा देऊ नका, ते सांगणारी मी कोण? फक्त तो दुसरा रकाना प्रामाणिकपणे भरून बघा. आणि तो कोरा राहिला, तर "नाही" हेसुद्धा आपल्याच तोंडाने म्हणा.

माझा अर्ज अजून नळकांड्यातच आहे. बादली मात्र रोज वापरते.

(द्वितीय वर्ष, मेकॅनिकल)