एका शब्दाची भीती

बैलाची पारख आमच्या गंगापूर तालुक्यातल्या पोरांना शाळेच्या आधी येते. गोऱ्हा खच्ची केला की त्याची रग उतरते आणि तो निमूटपणे जू मानेवर घेतो, हे कोणी शिकवावे लागत नाही. माणसाची उमेद गेली की आपण 'मन खच्ची झाले' म्हणतो, तेही यावरूनच.

माझ्या सव्वीस वर्षांच्या चुलतभावाच्या एका वृषणात कर्करोगाची गाठ निघाली. न दुखणारी ती गाठ दादाने लाजेपोटी चार महिने लपवली होती. वृषण काढावे लागेल असे ठरले, तेव्हा घरात कर्करोगापेक्षा त्या दुसऱ्या शब्दाचीच भीती अधिक पसरली. तो कोणी उच्चारला नाही. आजोबा फक्त एवढेच म्हणाले, "लेकराचं आता लगीन कसं व्हायचं?"

घरात कॉलेजची पायरी चढलेला मी एकटाच. म्हणून दवाखान्याचे कागद माझ्या हाती आले. त्यांत 'एचसीजी' असे एक नाव होते. गर्भवती स्त्रीच्या वारेत तयार होणारे हे संप्रेरक. दिवस गेल्याची चाचणी याच्यावरच होते. वृषणाच्या काही कर्करोगांतल्या पेशीही ते तयार करतात. गाठ काढल्यावर रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दर दीड दिवसाला निम्मे व्हावे लागते. तसे झाले नाही तर रोग अन्यत्र उरला आहे असा संशय घेतात. शत्रूच्या गोटातला हा फितूरच म्हणायचा!

दादाचा आकडा हवा तसा उतरला नाही. मग सिस्प्लॅटिनसह औषधांचे सलाईन सुरू झाले. अमेरिकेतील इंडियाना येथे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ साली हे औषध इतर औषधांच्या जोडीने या रोगावर वापरले आणि पसरलेला रोगही बहुधा बरा होऊ लागला. दादाचाही आकडा खाली आला.

आजोबांना मी एवढेच सांगितले, "बैलाचे दोन्ही जातात, दादाचं एकच गेलंय." पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, वृषणात तयार होते. एक गेले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी उरलेल्याला जास्त हुकूम सोडते आणि बहुतेकांचे काम भागते.

दादाचे मात्र भागले नाही. उपचार संपून वर्ष होत आले तरी तो दिवसभर पडून असे, चिडे, शेताकडे फिरकत नसे. "रोग गेला, पण पोरानं हाय खाल्ली," असे भावकी म्हणू लागली. पुढे सकाळच्या वेळी घेतलेल्या रक्तात टेस्टोस्टेरॉन फार कमी निघाले. दोनदा तपासले, दोनदा तेच. ज्याला सारे भित्रेपणा समजत होते, ती एक मोजता येणारी उणीव होती!

ते इंजेक्शनने भरून काढता येते. पण बाहेरून दिले की शरीरातली शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते. म्हणून मूल हवे असणाऱ्याने ते डॉक्टरांना आधी सांगावे लागते. सुदैवाने सलाईन सुरू होण्यापूर्वीच दादाचे वीर्य गोठवून ठेवले होते. इंजेक्शने सुरू झाली. काही महिन्यांत तो बांधावर दिसू लागला. काकू मात्र अजून गावात "पोटाचं ऑपरेशन झालं" असेच सांगतात.

मित्रांनो, हा रोग प्रामुख्याने १५ ते ३५ वयात, म्हणजे आपल्याच बाकांवर येतो. आज छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक रोग्याला परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागत नाही. गाठ लागली तर दाखवायला एक सकाळ पुरते. आणि बरा होऊन आलेला कोणी गप्प गप्प बसला असेल, तर त्याच्या हिमतीविषयी बोलण्याआधी त्याचे रक्त तपासले का, एवढे तरी विचारावे.